किल्ली कोणाच्या ताब्यात?

 परिषदेच्या स्वागताध्यक्षाने हारतुरे आणि जेवणाच्या वेळा यांपलीकडे फारसे बोलू नये असा संकेत आहे. तो मी आज थोडा मोडतो, कारण विषय ॲनालिटिक्स सर्व्हरवरच्या माहितीच्या सुरक्षेचा आहे.

बिलिंग, पगार, ग्राहकसेवा अशा मूळ यंत्रणांत माहिती विखुरलेली असते. ॲनालिटिक्स सर्व्हरवर आपण ती मुद्दाम एका जागी आणतो. पहारा मात्र मूळ डेटाबेसवर. एक्स्ट्रॅक्ट, कॅशे, बॅकअप म्हणजे आपल्या लेखी नुसत्या प्रती. अमेरिकेतील अँथम या आरोग्यविमा कंपनीतली चोरी २०१५ साली उघडकीस आली. सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली ती डेटा वेअरहाउसमधून, म्हणजे अशाच एका जागी आणलेल्या साठ्यातून, आणि तिथे ती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ‘ती तर प्रत होती’ ही सबब तिथे चालणार नाही.

यावर जाणकार म्हणतील, अँथमच्या चोरांकडे ॲडमिनचेच लॉगिन होते, मग एन्क्रिप्शनने काय अडले असते? आक्षेप रास्त आहे. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेची माहिती एन्क्रिप्ट असूनही गेली, कारण चोराला मिळालेल्या प्रवेशातच ती उलगडण्याची मुभा होती. पण म्हणून एन्क्रिप्शन व्यर्थ ठरत नाही. कुलूप लावून किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगली होती, एवढेच ठरते. डिस्क दुरुस्तीला बाहेर गेली किंवा बॅकअप भलत्याच हाती पडला, तर एन्क्रिप्शन पुरते. सर्व्हरमध्ये शिरलेल्याला अडवायचे तर किल्ली वेगळ्या यंत्रणेत, वेगळ्या माणसाकडे हवी आणि तिच्या प्रत्येक वापराची नोंद व्हायला हवी. शिवाय काही रकाने सर्व्हरवर मुळात यायलाच नकोत. विभागवार विक्रीच्या आलेखाला ग्राहकाचा पॅन कशाला लागतो?

एन्क्रिप्शनने वेग मंदावतो ही तक्रार मला तितकी वजनदार वाटत नाही. टॅब्लो या ॲनालिटिक्स सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर एक्स्ट्रॅक्ट एन्क्रिप्ट करण्याची सोय २०१९ पासून आहे. त्याने रिफ्रेशचा भार वाढतो, हे खरे. पण आजच्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी खास सूचना असतात, आणि रात्रीचा रिफ्रेश थोडा लांबला म्हणून सकाळच्या मीटिंगचे काही बिघडत नाही.

किल्ली आयटी विभागाने सांभाळावी की लेखापरीक्षकांनी, यावर इथे वाद होईल, खुशाल व्हावा. अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.