टोचन लावायची लाज कशाला?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितले, "तुझ्या कामातले काहीतरी गमतीचे बोल, पण थोडक्यात. नंतर जेवण आहे." म्हणून जेवणाच्या आणि तुमच्या मध्ये मी फार वेळ उभा राहणार नाही.

मी बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक आहे. शेणव्याचा मुलगा आणि बोटी, हे ऐकले की लोक हसतात. आपल्याकडे समुद्र कुठला? पण आपल्या तालुक्यातले तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. मीही त्याच वाटेने गेलो आणि खाऱ्या पाण्याला लागलो. भाऊचा धक्का, ससून डॉक, रेवस, मांडवा या पट्ट्यात माझी निम्मी हयात गेली.

या कामात मी सगळ्यात जास्त काय पाहिले असेल, तर बंद पडलेली बोट आणि तिच्यात बसलेल्या माणसांचे चेहरे. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणे याला आपल्याकडे 'टोचन' म्हणतात. मूळचे 'टो चेन'. ड्रायव्हर-क्लीनर मंडळींनी ते आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले. नाशिक महामार्गावर रोज एखादा तरी ट्रक टोचन लावून जाताना दिसतो. मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा कधी बघा. तो समोर बघत नाही, खाली बघतो. बोटीत हा चेहरा जास्तच उतरतो, कारण बोट ही ऐटीची वस्तू. त्यातून स्पीडबोट असेल तर विचारूच नका.

एक प्रसंग सांगतो. नावे कोणाचीच घेत नाही. मुंबईच्या एका गृहस्थांची नवी स्पीडबोट होती. मागे दीडशे-दीडशे हॉर्सपॉवरची दोन इंजिने. घरची सगळी मंडळी मांडव्याला जेवून परत निघाली होती. मला त्या बाजूला काम होते, म्हणून मीही परतीला त्यांच्याबरोबर बसलो. वाटेत एका इंजिनाचा अलार्म वाजू लागला. ही इंजिने समुद्राचेच पाणी आत ओढून गार राहतात. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली की पाणी बंद आणि इंजिन तापलेच. पिशवी काढली, पण तोवर आतल्या पंपाचे रबर जळून गेले होते. म्हटले, दुसऱ्या इंजिनावर जाऊ. ते पन्नास पावले चालले आणि थांबले. पंख्याला जुन्या जाळ्याचा तुकडा असा गुंडाळला गेला होता की सुरीने कापता कापेना.

नांगर टाकला. पण बोट सजवताना नांगराच्या दोराकडे कोणी लक्ष दिले नव्हते. दोर तोकडा, नांगर तळाला धरेना. ओहोटी लागलेली. पाणी ताशी दोन नॉटने ओढत असेल, तर बंद बोट तासाभरात पावणेचार किलोमीटर सरकते. आणि ओहोटीचे पाणी घराकडे नेत नाही, उघड्या समुद्राकडे नेते.

एवढ्यात एक मच्छीमार बोट जवळून गेली. मी मालकांना म्हटले, "हाक मारू या." ते म्हणाले, "नको, मित्राची स्पीडबोट येते आहे, वीस मिनिटांत." त्यांच्या मनातले मला कळत होते. या बोटीला मासळीच्या बोटीने ओढत न्यायचे आणि गेटवेवर सगळ्यांनी बघायचे, हे त्यांना नको होते. वीस मिनिटांची चाळीस झाली. मच्छीमार बोट लांबून वळून पुन्हा एकदा गेली. मी पुन्हा म्हटले, ते पुन्हा नको म्हणाले. बोटीतल्या लहान मुलीला उलट्या सुरू झाल्या होत्या.

शेवटी मालकांच्या आई उठल्या. पंच्याहत्तरीच्या असतील. एका हाताने मला धरले, दुसऱ्या हाताने अंगावरची शाल हवेत फिरवली आणि ओरडल्या, "अरे दादांनो, आम्हाला ओढून न्या रे!"

मच्छीमार बोट लगेच आली. तिचा तांडेल म्हणाला, "आजी, आता हाक मारताय? आम्ही दोनदा वळून पाहिलं. तुम्ही कोणी हात केला नाही. वाटलं, थांबून मजा करताहेत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. लांबून पाहिले, तर वाहून चाललेली बोट आणि मजेत थांबलेली बोट सारखीच दिसते. फरक फक्त आतल्या माणसांना माहीत असतो.

मग टोचनाचे काम सुरू झाले. तेही सांगतो, कारण हे लोकांना सोपे वाटते. दोर भरपूर लांब सोडायचा. पुढची बोट लाटेवर चढत असताना मागचीही चढली पाहिजे. एक चढते आणि दुसरी उतरते असे झाले, की हिसका बसतो. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. माणूस जायबंदी होतो, जीवही जातो. म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. ताण हळूहळू घ्यायचा आणि घाई करायची नाही. ज्याला ओढून न्यायचे त्याचा वेग ओढणाऱ्याने सांभाळायचा असतो.

गेटवेला पोहोचलो तेव्हा व्हायचे तेच झाले. लोकांनी फोन काढले. एक लाँचवाला ओरडला, "काय, तीनशे घोडे बसले आणि एक बैल चालला!" मालक सोडून सगळे हसले. आजी तर सर्वांत जास्त. तांडेलाने पैसे घेतले नाहीत. फारच आग्रह झाला, तेव्हा डिझेलपुरते घेतले.

पुढे काही महिन्यांनी त्याच तांडेलाची बोट मी धक्क्यावर दुरुस्त करत होतो. तिलाही दुसऱ्या बोटीने ओढून आणले होते. पंख्यात स्वतःचेच जाळे गेले होते. मी विचारले, "किती वेळ अडकला होतात?" तो म्हणाला, "बंद पडली तसा शर्ट काढून काठीला बांधला. दहा मिनिटांत दोर आला." ना लाज, ना गाजावाजा. आज तू मला ओढ, उद्या मी तुला.

आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. आपण याला सावड म्हणतो. लावणीला आज तुझ्या खाचरात चार माणसे, उद्या माझ्या. सावडीला गेलेला माणूस उपकार करत नाही आणि बोलावणारा हात पसरत नाही. देणेघेणे आधीच ठरलेले असते, म्हणून मान खाली जात नाही.

आणखी एक आपल्याच तालुक्यातले उदाहरण. कसारा स्टेशनात उभे राहा. मुंबईहून येणाऱ्या भल्याभल्या मेल-एक्स्प्रेस तिथे थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिने लागतात. बँकर म्हणतात त्यांना. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. घाटातून १८६५ साली गाडी सुरू झाली, पण चढ काही कमी झालेला नाही. मागून ढकलून घेऊन गाडी इगतपुरीला पोहोचते, बँकर सुटतात आणि ती पुढे दिल्लीला नाहीतर कोलकात्याला जाते. बँकर लागला म्हणून कोणत्या गाडीची अब्रू गेली? कारण ते वेळापत्रकात धरलेले आहे.

जगातल्या मोठ्या बोटींचेही तेच. २०१३ च्या फेब्रुवारीत 'कार्निव्हल ट्रायम्फ' या प्रवासी जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली. चार हजारांहून अधिक माणसांचे ते तरंगते हॉटेल टगांनी ओढत अमेरिकेतल्या मोबील बंदरात आणले. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिले. रशियाची विमानवाहू नौका 'अॅडमिरल कुझनेत्सोव' २०१६ मध्ये सीरियाकडे निघाली, तेव्हा 'निकोलाय चिकर' हा ओढणारा टग बरोबर होता. लोकांनी चेष्टा केली. मला मात्र ते शहाणपणाचे वाटते. इंजिन भरवशाचे नसेल, तर दोर आधीच बरोबर ठेवावा.

आणि आपल्या जुहूला २०११ च्या जूनमध्ये येऊन रुतलेले 'एमव्ही विस्डम' जहाज तुम्हाला आठवत असेल. ते भंगारात काढण्यासाठी कोलंबोहून अलंगला टोचन लावून चालले होते. वाटेत दोर तुटला. जहाजावर माणूसच नव्हता, त्यामुळे हाक कोण मारणार? वारा आणि पाणी नेईल तिकडे ते गेले.

मित्रांनो, समुद्रावर बोट बंद पडली तर काय करायचे हे मी तुम्हाला दोन मिनिटांत शिकवू शकतो. नांगर टाका, लाइफ जॅकेट घाला, व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर बोला, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा, आणि दिसेल त्या बोटीला हात करा. अवघड फक्त शेवटचे आहे. इंजिन बंद पडल्याने सहसा माणूस मरत नाही. हात न करता जो वेळ जातो, तो जिवावर बेततो.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले ते बोलतो. आज आपल्या वर्गातले बरेच जण आले आहेत, पण सगळे नाहीत. काही लांब असतात, काहींना सुट्टी नसते. पण दोघा-तिघांनी मला फोनवर सांगितले, "सध्या जरा ठीक नाही, पुढच्या वेळी येतो." एकाची कंपनी बंद झाली आहे. एकीच्या घरी मोठे आजारपण आहे. आपल्या ग्रुपवर मात्र त्यांचे रोज सुप्रभात येते, फुलांचे चित्र येते. लांबून पाहिले तर मजेत दिसतात.

बाई, तुम्ही गणित शिकवून झाल्यावर विचारायचात, "ज्यांना समजलं नाही त्यांनी हात वर करा." एकही हात वर येत नसे. तुम्ही मात्र बाकांमधून फिरायचात, प्रत्येकाची वही बघायचात आणि ज्याचे अडले आहे त्याच्याजवळ थांबायचात. आता ती फेरी आपण मारायला हवी.

म्हणून माझी एक सूचना आहे. निधी नको, समिती नको. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात वर्गातल्या सर्वांची नावे आहेत, न आलेल्यांचीही. प्रत्येकाने दोन नावांपुढे आपली सही करायची आणि दर महिन्याला त्या दोघांना फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आणि विचारायचे, "बोट चालू आहे ना?" समोरच्याने "नाही" म्हटले, तर पुढे काय करायचे ते आपण मिळून ठरवू. सावड आहे ही. आज त्याची पाळी, उद्या माझी असेल.

माझ्या दोन सह्या झाल्या आहेत. जेवणाला जाताना वहीपाशी थांबा. पेन दोरीने बांधून ठेवले आहे, तेवढे मात्र कोणी ओढून नेऊ नका.