ओळीच्या शेवटची मोकळी जागा

छापील पानावरील मोकळी जागा वाचकाला खटकत नाहीं. मुद्रिततपासनिसाला मात्र ती खटकते. संगणकाच्या क्षेत्रांतही हा प्रश्न आहे. १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेल्या डेबियन प्रणालीचे प्रोग्राम स्वयंसेवक ‘पॅकेज’रूपानें बांधतात आणि ‘लिंटियन’ हा तपासनीस-प्रोग्राम त्यांतील दोष दाखवितो. ओळीच्या शेवटीं राहिलेली निरुपयोगी स्पेसही त्यानें दाखवावी काय?

न दिसणारी स्पेस नेहमींच निरुपद्रवी नसते. शेलची आज्ञा पुढील ओळीवर नेणाऱ्या उलट्या तिरप्या रेघेनंतर स्पेस पडली, तर आज्ञा तेथेंच तुटते. मेक-फाइलींत एखाद्या चलाच्या किमतीमागें राहिलेली स्पेस त्या किमतीचाच भाग ठरते. असा दोष डोळ्यांना सांपडत नाहीं. तो यंत्रानेंच दाखवावा.

परंतु म्हणून प्रत्येक स्पेस पुसून टाकणें शहाणपणाचें नव्हे. मार्कडाउन लेखनांत ओळीअखेरच्या दोन स्पेस नवी ओळ सुचवितात. शिवाय केवळ स्पेस पुसण्यासाठीं शेंकडों ओळी बदलल्या, तर त्या गर्दींत खरा बदल तपासणाऱ्याच्या नजरेंतून निसटतो.

लिंटियननें यावर मध्यम मार्ग काढला आहे. अशा सूक्ष्म सूचनांसाठीं त्यांत ‘पेडँटिक’ हा वर्ग असून मागितल्यावांचून त्या दिसत नाहींत. हेंच योग्य होय. जेथें अर्थ बिघडतो तेथें तपासनिसानें स्पष्ट बोलावें. जेथें केवळ टापटीप बिघडते तेथें विचारल्यावर सांगावें. क्षुल्लक दोषांचा सतत गजर ऐकणारा मनुष्य अखेर गंभीर इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करूं लागतो.