मिरगाआधी टिनावर चढताना

मे महिना सरत आला की वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडे गावोगाव टिनांची कामं निघतात. वादळानं उडालेली टिनं, गळके बोल्ट, गोठ्यावरचे फुटके सिमेंटपत्रे, सगळं मिरगाआधी उरकायचं असतं. याच घाईत माणसं पडतात.

छपराच्या कडेला सगळेच जपून असतात. मला जास्त भीती वाटते ती पायाखालच्या पत्र्याची. सिमेंटचा पत्रा जेमतेम ६ मिलिमीटर जाड. जुना झाला की ठिसूळ होतो आणि न वाकता एकदम फुटतो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा त्याहून फसवा, धूळ बसली की ओळखूच येत नाही. बोल्टांच्या रेषेवरून चाललं की भागतं, असं पुष्कळांना वाटतं. पण तोल गेल्यावर पाय रेषेवर राहत नाही. दोन लांब, रुंद फळ्या घ्या. प्रत्येक फळी किमान दोन आडव्या अँगलांवर टेकली पाहिजे. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवा. पत्र्यावर थेट पाय नकोच.

१२ फुटांवरून पडायला एक सेकंदही लागत नाही, आणि आदळताना वेग ताशी ३० किलोमीटर असतो. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून अंगभर पट्टा घालावा, नुसता कमरेचा नव्हे; आणि त्याचा दोर पक्क्या खांबाला किंवा तुळईला बांधावा.

घरमालकांनो, फळ्या, पट्टा, दोर ही सोय काम सांगणाऱ्यानं करायची आहे. मजुरी ठरवतानाच ती ठरवा. रोजंदारीवरच्या माणसाकडून स्वतःच्या खिशातून पट्टा आणण्याची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. आणि कारागीर बंधूंनो, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या.

तरीही कोणी पडलाच, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मान हलू न देता धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर असला तरी दवाखान्यात न्याच. डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनीही उलटी, गुंगी अशा रूपात कळतो. उभ्यानं पडून टाच मोडली असेल, तर तोच हादरा मणक्यापर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा तो किती उंचीवरून, कसा पडला, हे डॉक्टरांना सांगा आणि पाठ-कंबरही तपासून घ्या.