अभिजात भाषेचे एक वर्ष
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनाही त्याचा अभिमान वाटला आणि तो स्वाभाविक होता. मात्र अभिमानाचा दिवस सरल्यावर प्रश्न उरतो, की अभिजात म्हणून गौरवलेल्या भाषेसाठी तिच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर नेमके काय करावे? ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे अभिजातपण जगाने फार पूर्वीच मान्य केले आहे. त्यांचे अमेरिकेतील विद्यार्थी वर्ष कसे घालवतात, हे त्यासाठी पाहण्याजोगे आहे.

तेथील महाविद्यालयांत ‘ईटा सिग्मा फाय’ नावाचे गुणवंत विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. ही तीन ग्रीक अक्षरे होत. १९१४ मध्ये शिकागो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका छोट्या मंडळातून त्याचा उगम झाला आणि १९२४ मध्ये त्याला राष्ट्रीय स्वरूप आले. आज अनेक महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत. ग्रीक किंवा लॅटिन शिकणाऱ्या आणि त्यात चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांनाच सदस्यत्व मिळते. परंतु गुणपत्रिकेने केवळ दार उघडते. खरे काम त्यानंतर सुरू होते.

प्रत्येक शाखेचा कार्यक्रम निराळा असला, तरी वर्षाचा क्रम साधारण सारखा दिसतो. शरद ऋतूत सत्र सुरू झाले की व्याख्याने, प्राचीन नाटकांचे वाचन आणि कुठे कुठे होमरच्या महाकाव्याचे अखंड जाहीर वाचन होते. ‘इलियड’चे २४ सर्ग आणि पंधरा हजारांहून अधिक ओळी विद्यार्थी, प्राध्यापक, ग्रंथपाल आळीपाळीने वाचतात. ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरीची पारायणे झाली, त्यांना या उपक्रमाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरात ‘सॅटर्नेलिया’ येतो. प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबरपासून चालणाऱ्या या सणात मालक आणि गुलाम यांच्या भूमिकांची अदलाबदल होत असे. १५ मार्चला ज्यूलिअस सीझरच्या वधाचे, तर २१ एप्रिलला रोमच्या परंपरागत स्थापनादिनाचे स्मरण केले जाते. वसंतात सर्व शाखांचे वार्षिक अधिवेशन भरते. याखेरीज काही शाखांचे सदस्य शाळकरी मुलांना लॅटिनची गोडी लावण्याचे कामही करतात.

या साऱ्यात सर्वांत कसाची असते ती भाषांतर स्पर्धा. पूर्वी न वाचलेला उतारा समोर येतो आणि शब्दकोशाच्या आधाराविना त्याचे भाषांतर करावे लागते. लॅटिनमध्ये ‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणजे ‘कुत्रा माणसाला चावतो’. पहिल्या दोन शब्दांची जागा बदलली तरी अर्थ तोच राहतो, कारण कोण कोणाला चावतो हे शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययावरून ठरते. इंग्रजीच्या ठरीव शब्दक्रमाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे कष्टाने शिकावे लागते. मराठी मुलाला मात्र ‘माणसाला कुत्रा चावतो’ या वाक्यातला ‘ला’ ते विनासायास सांगून जातो. मातृभाषेतून शिकणाऱ्या मुलाच्या हाती ही किल्ली आधीपासूनच असते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न लॅटिन शिकणाऱ्यांनाही टळत नाही. त्या संदर्भात मुंबई इलाख्यातील एक उदाहरण स्मरणीय आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी दिल्या जाणाऱ्या जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीचा मान १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांना मिळाला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. संस्कृतमुळे ते पद मिळाले, असे कोणी म्हणणार नाही. तथापि अर्थकारणाच्या व्यापातही त्यांनी ‘मेघदूता’चे मराठी भाषांतर केले. शालेय वयात लागलेली भाषेची गोडी पदांच्या ओझ्याखाली विझली नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेपुढे आज पटसंख्येची चिंता आहे. पालकांची ओढाताणही खरी आहे. मुलाला प्रांताची भाषा हवी, इंग्रजी हवी. मग मराठीसाठी वेळ उरतो कोठे? यावर केवळ अभिमानाचे आवाहन पुरे पडणार नाही. ग्रीक-लॅटिनच्या मागे आज घर नाही, बाजार नाही, आजीची गोष्ट नाही. तरीही मूठभर तरुणांच्या नियमित वाचनाने त्या टिकून आहेत. मराठीला हे सर्व लाभलेले असताना ती २७ फेब्रुवारीच्या एका समारंभापुरती उरली, तर दोष दर्जाचा नसेल, दिनक्रमाचा असेल.

म्हणून साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या या शाळेची माजी विद्यार्थ्यांकडून देणगीइतकीच दुसरीही एक अपेक्षा आहे. महिन्यातून एक तास त्यांनी शाळेत येऊन मुलांसह मोठ्याने वाचावे. प्रांतभाषेतील एखादा उतारा समोर ठेवून मुलांनी त्याचे तिथल्या तिथे मराठीत भाषांतर करावे आणि चुकांवर मोकळी चर्चा व्हावी. पालकांनी आठवड्यातून एक पान घरी ऐकावे. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. लागते ती ठरलेली वेळ आणि ती पाळण्याची सवय. जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल, त्या दिवशी पहिल्या तासाला येणाऱ्यांची नावे शाळेच्या हाती असावीत, हीच विनंती.