औषध सुरू झालं आणि खोकला वाढला
(गावकऱ्यांपुढे दिलेले भाषण)

 

औषध घेतलं की माणसाला बरं वाटतं, हा आपला नेहमीचा अनुभव. पण एका दुखण्यात कधी कधी उलटं होतं. औषध सुरू होतं आणि ताप चढतो, खोकला वाढतो. घरचे म्हणतात, "औषध बाधलं. टाकून दे." आणि तिथंच घात होतो.

ते दुखणं म्हणजे एचआयव्ही. हा उलटा प्रकार कसा होतो, ते आज आपण समजून घेऊ.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. पेशी इतकी बारीक असते, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या पेशी म्हणजे शरीराचे जागले. रोगाचे जंतू आत शिरले, की या पेशी धावून जातात आणि त्यांना झोडपून काढतात. एचआयव्हीचा विषाणू या जागल्यांनाच मारतो. जागले कमी झाले, की गाव उघडं पडतं.

उघड्या गावात चोर शिरतातच. त्यांतला मोठा चोर म्हणजे क्षय, म्हणजेच टीबी. टीबीचे जंतू फुप्फुसात ठाण मांडून बसतात. पण ओरड करायला जागले कुठं आहेत? म्हणून खोकला थोडा, ताप थोडा. चोर घरात आहे, हे कोणाला कळतच नाही.

मग एचआयव्हीचं औषध सुरू होतं. त्याला एआरटी म्हणतात. विषाणूची वाढ थांबते. जागले पुन्हा उभे राहतात. डोळे उघडून बघतात, तर घरात चोर! मग हाणामारी सुरू होते. ती होते फुप्फुसात. तिथं सूज येते. ताप चढतो, खोकला वाढतो, दम लागतो. कोणाच्या मानेला गाठी येतात. कोणाच्या फुप्फुसाभोवती पाणी साचतं. हे बहुतेक वेळा औषधाच्या पहिल्या तीन महिन्यांत होतं.

चोर कालच आत शिरले होते. ओरड आज झाली, एवढंच!

कोणी विचारील, "टीबीचं औषध आधीच चालू असेल तर?" तरीसुद्धा असं होऊ शकतं. टीबीचे जंतू मेले, तरी त्यांचे अवशेष अंगात राहतात. जागले त्यांच्यावरही तुटून पडतात.

मग करायचं काय? आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही. औषध सोडलं, की विषाणू पुन्हा वाढतो आणि जागले पुन्हा मरतात. मग ओरड थांबते, पण चोर घर लुटून नेतो.

अंगावर काढायचं नाही. लगेच एआरटी केंद्रात जायचं. दम लागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. डॉक्टर बेडका तपासतील, छातीचा फोटो काढतील. कारण खोकला वाढण्याचं कारण दरवेळी हेच असतं असं नाही. कधी टीबीच्या जंतूला औषध लागू पडत नसतं. कधी दुसराच आजार असतो. ते घरी बसून ओळखता येत नाही. टीबी निघाला, तर टीबीचं औषध सुरू होतं. सूज फार असेल, तर डॉक्टर सूज उतरवण्याच्या गोळ्या देतात. एआरटी बहुतेक वेळा चालूच ठेवतात.

हा त्रास टाळता येतो का? पुष्कळ अंशी येतो. जो उशिरा येतो, ज्याच्या पेशी फार कमी झालेल्या असतात, त्याला हा धोका जास्त. म्हणून रक्ताची तपासणी लवकर करा. आपल्या सरकारनं २००४ साली हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. २०१७ सालापासून पेशी किती आहेत हे न बघता, एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला औषध देण्याचं धोरण आहे. तेव्हा थांबायचं कारण उरलं नाही.

औषध सुरू होण्याआधी डॉक्टर चार गोष्टी विचारतात : खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलं का? रात्री घाम येतो का? लाजून काही लपवू नका. टीबी सापडला, तर आधी त्याचं औषध सुरू करतात. मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी देतात. टीबी मेंदूच्या आवरणाला झालेला असेल, तर मात्र जास्त थांबतात.

आता घरच्या माणसांना एक सांगणं आहे. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं एचआयव्ही होत नाही. टीबी मात्र खोकल्यातून, हवेतून पसरतो. म्हणून खोकताना तोंडावर फडकं धरावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं. पण आजारी माणसाला गोठ्यात टाकू नये. त्याच्या गोळीची वेळ झाली, की पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवावा. "घेतलीस का?" एवढं विचारावं. त्या एका शब्दाने माणूस तगतो.

मंडळी, आजचं सांगणं दोनच वाक्यांत ध्यानात ठेवा. त्रास वाढला, तर दवाखान्यात जा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी सोडू नका.

राम राम.