हेदरच्या माळावरचा सम्राट

स्कॉटलंडपासून दक्षिणेत डार्टमूरपर्यंत ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी उंचावरचे, बोडके, वाऱ्याचे माळ आहेत. तिकडे त्यांना मूर म्हणतात. जमीन आम्लधर्मी, बरीचशी ओलसर, आणि तिच्यावर गुडघाभर उंचीची हेदरची झुडपं. या माळांवर एम्परर नावाचा पतंग राहतो. त्याच्या चारही पंखांवर एकेक टपोरा डोळा रंगवलेला असतो. मादी राखाडी आणि मोठी. नर लहान, पण त्याचे मागचे पंख नारिंगी.

या पतंगाला खाता येत नाही. सुरवंट असताना जे पोटात गेलं, त्याच शिदोरीवर पुढचं थोडं आयुष्य काढायचं. एप्रिल-मे महिन्यांत मादी हेदरवर बसून गंध सोडते. नर मात्र भर उन्हात माळावर भरधाव फिरत असतो. त्याच्या मिशा पिसासारख्या असतात आणि त्यांवर तो गंध दुरून टिपतो. फ्रेंच कीटकअभ्यासक फाब्र यांनी याच्याच मोठ्या भाईबंदाची मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, तर अंधारात कितीतरी नर त्यांच्या घरात शिरले. मादी घट्ट बंद डब्यात ठेवली, की तिच्याकडे कोणी फिरकेना.

मिलनानंतर मादी हेदरच्या काडीभोवती अंडी चिकटवते. पिल्लू सुरवंट काळे असतात. वाढले की हिरवेगार होतात, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांवर पिवळे किंवा गुलाबी ठिपके. रंग एवढा भडक, तरी हेदरमध्ये ते पटकन सापडत नाहीत.

मला सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या कोषाचं. तपकिरी, सुरईच्या आकाराचा हा कोष निमुळत्या टोकाला उघडाच असतो. तिथे ताठ धाग्यांचं कडं असतं आणि सगळी टोकं बाहेरच्या बाजूला जुळलेली. आतून ढकललं की धागे बाजूला होतात, बाहेरून दाबलं की आणखी घट्ट मिटतात. हिवाळा त्यातच जातो. काही पतंग तर दोन हिवाळे आत काढतात.

आपल्या विदर्भातला टसरचा पतंग याच कुळातला. त्याच्या कोषाला असं दार नसतं; तो स्राव सोडून कोषाचं टोक मऊ करतो आणि बाहेर पडतो. गडचिरोली, भंडारा भागातल्या श्रोत्यांना ऐनाच्या फांदीला देठाने लटकलेला कोष दिसला, तर तो तोडू नका. जवळ जाऊन जरूर पाहा, मुलांनाही दाखवा.