मोगऱ्याला कात्री कधी लावायची?

विषय दिलाय बागेतल्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांच्या छाटणीचा, पण मी मोगऱ्यापाशीच रेंगाळणार. दर उन्हाळ्यात तीच तक्रार कानावर येते, "नुसता पाला माजलाय, फूल म्हणून नाही." छाटला कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "छाटायचं जिवावर येतं हो." नाहीतर, "जूनमध्ये, पहिल्या पावसात." काय म्हणावं!

मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर ती फूट आधी तयार व्हायला हवी. म्हणून छाटणी थंडीत, डिसेंबर ते मध्य जानेवारी. मार्चमध्ये कात्री घेऊन जाल तर कळ्याच कापून याल.

दिवाळीआधी आपण माळा आवरतो ना, तसंच हे. पाहुणे दारात आल्यावर कुणी माळ्यावर चढत नाही. चढलो की आधी फुटकंतुटकं खाली येतं. झाडावर ते म्हणजे वाळक्या, किडक्या काड्या. त्यांना मुहूर्त नको, दिसल्या की काढा. मग एकात एक अडकलेलं सामान, म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. त्यातली एक जाऊ द्या. हात अडतो तो पुढच्या ढिगाशी, "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेल्या. मोगऱ्याच्या पोटात वाढलेल्या बारीक, लुळ्या काड्या तशाच. हिरव्या दिसतात म्हणून आपण त्यांना राखतो आणि ऊन आत शिरत नाही. काढा त्या!

आधी थोडे दिवस पाणी तोडा. पानं पिवळी पडू लागली की जमिनीतलं झाड दीड फुटावर कापा, कुंडीतलं त्याहून खाली. उरलीसुरली पानं हातानं ओरबाडा. मग आळं उकरून शेणखत, आणि पाणी. सिकेटरला धार हवीच. बोथट पातं काडी चेंगरतं आणि त्या चेंगरलेल्या टोकातून कूज शिरते. जून महिन्यात ओल्या हवेत कापलंत तर जास्तच.

पुन्हा सांगतो, थंडीत. आणि जिवावर येऊ देऊ नका. आमचे नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वर्षाचं पोट त्या बागेवर, तरी कात्री थांबत नाही. आणि आपल्याला गॅलरीतल्या एका कुंडीचा घोर!

गुलाबाचं वेळापत्रक निराळं. पाऊस सरला की ऑक्टोबरात, बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यायचा. का बाहेरच्या, ते... राहू द्या, पुढच्या वेळी. जास्वंद काय, सगळं सोसते. बोगनवेलीचा बहर ओसरला की तिचे लांब सोट मात्र... अरे, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा चालल्यात.